नशीब किती आणि कौशल्य किती?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक माजी विद्यार्थी एका संध्याकाळी घरी आला. त्याच्या हातात दोनशे पानी वही होती. त्या काळी तो संगणकावर पैसे लावून पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळत असे. दोन महिन्यांत खेळलेल्या १०,००० डावांचा हिशेब त्याने वहीत मांडला होता. दर शंभर डावांनंतर एक ओळ, अशा शंभर ओळी. शेवटच्या ओळीखाली एकूण नफा लिहून त्याभोवती लाल शाईने चौकट काढलेली.

"सर, दहा हजार डाव म्हणजे काही थोडेथोडके नाहीत. आता हे नशीब नाही, माझं कौशल्यच आहे, असं म्हणता येईल ना?"

हा प्रश्न त्याने नुसत्या कुतूहलापोटी विचारला नव्हता. शेवटच्या वर्षाची फी भरायची, की ते पैसे खेळात घालायचे, हे त्याला माझ्या उत्तरावरून ठरवायचे होते.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पत्ते मला फारसे येत नाहीत. पण हा प्रश्न मोजमापाचा होता, आणि मोजमापात खरी गोष्ट कोणती व योगायोग कोणता हे ओळखणे आमचे रोजचेच काम असते. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून जो विचार केला, तोच आज तुमच्यासमोर मांडतो.

खेळ कसा असतो?

पोकरचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी 'टेक्सस होल्डेम' हा सर्वांत प्रसिद्ध. यात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते मिळतात. ते इतरांना दिसत नाहीत. मग टेबलावर आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक असे पाच पत्ते उघडे मांडतात. ते सर्वांचे सामाईक असतात. आपले दोन आणि हे पाच, अशा सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत भारी, तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्याला पैसे लावता येतात, किंवा पत्ते टाकून डावातून बाहेर पडता येते. इतर सगळे बाहेर पडले, तर उरलेला खेळाडू पत्ते न दाखवताही जिंकतो.

डाव सुरू होताना दोन खेळाडूंना काही रक्कम सक्तीने लावावी लागते. त्यांतल्या मोठ्या रकमेला आपण 'एकक' म्हणू, आणि पुढचा सारा हिशेब या एककातच करू. वहीतला नफा होता १,००० एकक.

कोणते पत्ते येणार हे कोणाच्याच हातात नाही. ते नशीब. कधी किती लावायचे, कधी पत्ते टाकायचे, समोरच्याकडे काय असेल, हे ठरवणे मात्र आपल्या हातात असते. ते कौशल्य. म्हणजे या खेळात दोन्ही आहेत. त्यांची सरमिसळ कशी होते, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तुमच्याकडे दोन एक्के आहेत. दोन पत्त्यांची याहून चांगली जोडी नाही, आणि ती सरासरीने २२१ डावांत एकदाच येते. तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडे दोन राजे आहेत. तुम्ही दोघांनीही सगळे पैसे लावले. तुमचा निर्णय अगदी बिनचूक आहे. तरीही उरलेले पाच पत्ते उघडल्यावर दर शंभरात सुमारे १८ वेळा राजेच जिंकतात! निर्णय बरोबर आणि निकाल उलटा. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा: एका डावाच्या निकालावरून निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरवता येत नाही.

मग किती डावांवरून ठरवता येईल? आपला खरा प्रश्न हाच आहे.

दोघांच्या वाढीचा वेग निराळा

समजा, एक चांगला खेळाडू दर १०० डावांमागे सरासरीने ५ एकक मिळवतो. हे त्याचे कौशल्य. पण दर शंभराला बरोबर ५ एकक पदरात पडतात असे मुळीच नाही. एखाद्या शेकड्यात तो १२० एकक मिळवील, तर पुढच्यात ९० घालवील. हा चढउतार मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. नेहमीच्या चढउतारात, साधारणपणे तीनांतून दोन वेळा निकाल सरासरीच्या वर किंवा खाली एका प्रमाण विचलनाच्या आत पडतो. या खेळात १०० डावांमागे प्रमाण विचलन सामान्यतः ८० ते १०० एकक असते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण १०० धरू.

म्हणजे कौशल्य ५ आणि नशीब १००! मग कौशल्याचा उपयोग काय?

उपयोग आहे. कारण डावांची संख्या वाढते, तेव्हा दोन्ही सारख्या वेगाने वाढत नाहीत. कौशल्य सरळ बेरजेने वाढते. डाव चौपट झाले, की त्याची मिळकतही चौपट. नशिबाचे तसे नाही. चांगले पत्ते आणि वाईट पत्ते एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. पुरते खोडत नाहीत. काही तरी शिल्लक राहतेच. ही शिल्लक डावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. डाव चौपट झाले, तर नशिबाचा पसारा फक्त दुप्पट होतो.

हा वर्गमुळाचा नियम भौतिकशास्त्रात आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की पाण्यातले अतिसूक्ष्म कण सतत वेडेवाकडे हलत असतात. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात. असा कण मूळ जागेपासून सरासरीने किती दूर जाईल? आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवून दिले, की हे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. फ्रान्समधील पेरँ याने प्रयोगांनी ते पडताळून पाहिले. पत्त्यांच्या खेळातला नफातोटा हा असाच धक्के खाणारा कण आहे. कौशल्य म्हणजे त्या पाण्याला असलेला संथ प्रवाह. थोडा वेळ पाहिले तर धक्केच दिसतात. पुष्कळ वेळ पाहिले, म्हणजे प्रवाह दिसू लागतो.

आता आकडे मांडू.

१०० डाव: कौशल्य ५, नशिबाचा पसारा १००
१०,००० डाव: कौशल्य ५००, नशिबाचा पसारा १,०००
४०,००० डाव: कौशल्य २,०००, नशिबाचा पसारा २,०००
१,६०,००० डाव: कौशल्य ८,०००, नशिबाचा पसारा ४,०००

चाळीस हजार डावांना दोघांची बरोबरी होते. त्यानंतर कौशल्य पुढे जाते. याचा अर्थ असा, की आपला हा चांगला खेळाडूसुद्धा १०,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता शंभरात सुमारे ३१ आहे. ४०,००० डावांनंतर ती १६ वर येते, आणि १,६०,००० डावांनंतर दोनाच्या आसपास.

आता वहीकडे वळू. दहा हजार डाव आणि नफा १,००० एकक. नशिबाचा पसाराही १,०००. म्हणजे ज्यांच्या अंगी कौशल्य शून्य आहे असे शंभर खेळाडू घेतले, तर त्यांतल्या सुमारे सोळा जणांकडे अशीच किंवा याहून भरघोस नफ्याची वही असेल. त्यांतला प्रत्येक जण तिच्यावर लाल चौकट काढील आणि प्रत्येकाला ती कौशल्याचीच वाटेल!

घरी करून पाहा

हे माझ्या शब्दावर मानू नका. वीस चिंचोके घ्या. त्यांतल्या अकरांवर खडूची खूण करा. सगळे एका पिशवीत टाका. न पाहता एक काढा. खुणेचा निघाला तर अधिक एक गुण, बिनखुणेचा निघाला तर उणे एक. चिंचोका परत टाका, पिशवी हलवा आणि पुन्हा काढा. असे शंभर वेळा करा. समोर तुमच्या मित्राला नाणे घेऊन बसवा. छाप पडला तर त्याला अधिक एक, काटा पडला तर उणे एक. त्यानेही शंभर वेळा नाणे उडवायचे.

पिशवी ही 'कुशल' खेळाडू आहे. नाण्याच्या अंगी कौशल्य नाही. शंभर वेळांत पिशवीची सरासरी कमाई १० गुण, नाण्याची शून्य. प्रमाण विचलन दोघांचेही सुमारे १०. प्रत्यक्षात काय दिसेल? साधारणपणे पाच सामन्यांत एकदा तरी नाणे पिशवीला हरवील. पिशवीत काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही हसाल. पण ज्याला ठाऊक नाही, तो त्या दिवशी नाण्यालाच हुशार म्हणेल.

गंमत अशी, की या प्रयोगातही कौशल्य आणि नशीब यांची बरोबरी आहे: १० आणि १०. म्हणजे आपल्या खेळाडूच्या ४०,००० डावांतून जेवढे कळते, तेवढेच या शंभर चिंचोक्यांतून कळते.

दुसरा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. वर्गातल्या चाळीस जणांनी प्रत्येकी पन्नास वेळा नाणे उडवावे. सर्वांत जास्त छाप पडलेल्या दहा जणांना 'विजेते' ठरवा. आता पुन्हा सर्वांनी पन्नास वेळा नाणे उडवावे. या दहा जणांचे काय होते ते पाहा. त्यांची सरासरी इतरांसारखीच येईल, कारण नशिबाला आठवण नसते. कौशल्य मात्र दुसऱ्या दिवशीही सोबत असते. म्हणून पहिल्या भागातले यश दुसऱ्या भागात पुन्हा दिसते का, ही कौशल्याची एक सोपी कसोटी आहे.

पिट्सबर्गचे दोन सामने

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मोठ्या प्रमाणावर अशी मोजणी झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी पोकर खेळणारा एक संगणक-कार्यक्रम तयार केला. त्याचे नाव क्लॉडिको. २०१५ साली चार निष्णात व्यावसायिक खेळाडू त्याच्याशी ८०,००० डाव खेळले. अखेरीस माणसे ७,३२,७१३ चिप्सनी पुढे होती. एक एकक १०० चिप्सचे होते. म्हणजे दर शंभर डावांमागे ९ एककांहून थोडी अधिक आघाडी. तरीही नशिबाने एवढी आघाडी मिळणे अशक्य नाही, निदान ९५ टक्के खात्रीने काही सांगता येत नाही, असा संशोधकांनी निष्कर्ष काढला. ऐंशी हजार डाव खेळूनही!

मग २०१७ च्या जानेवारीत लिब्रेटस हा नवा कार्यक्रम चार खेळाडूंसमोर उभा राहिला. या वेळी डाव १,२०,००० ठेवले. वीस दिवस सामना चालला. या खेपेस यंत्र १७,६६,२५० चिप्सनी जिंकले. दर शंभर डावांमागे ही आघाडी १४.७ एकक होते. केवळ नशिबाने एवढी आघाडी मिळण्याची शक्यता दहा हजारांत दोन इतकी अल्प निघाली. कौशल्य सिद्ध झाले, असे आता म्हणता आले.

या सामन्यांत एक युक्ती वापरली होती. तुम्ही प्रयोगशाळेत तराजू वापरला असेल. दांडी सदोष असेल, तर वस्तू आणि वजने यांची पारडी बदलून पुन्हा वजन करतात. म्हणजे दांडीचा दोष निघून जातो. इथेही तसेच केले. एका खोलीत माणसाला जे पत्ते मिळाले, तेच दुसऱ्या खोलीत यंत्राला दिले, आणि यंत्राचे माणसाला. एकीकडे माणसाला एक्क्यांची जोडी आली, की दुसरीकडे ती यंत्राला मिळणारच. पत्त्यांचे नशीब यामुळे पुष्कळसे वजा झाले. पुरते नाही, कारण खेळाडूंचे निर्णय निराळे पडले की पुढचा डावही निराळ्या वाटेने जातो.

एवढी काळजी घेऊनही लाखभर डाव लागले, हे विसरू नका. घरी बसून खेळणाऱ्याला तर ही पारडी बदलण्याची सोयच नसते.

विजेते आधी ठरवा, नंतर नाही

मोजमापात एक मोठी चूक सहज होते. ती म्हणजे निकाल लागल्यावर विजेत्यांकडे बोट दाखवून "पाहा, हे कुशल" असे म्हणणे. हजारो माणसे खेळत असली, तर त्यांत कोणी तरी मोठा विजेता असणारच. जाहिरातींत आणि गप्पांत आपल्याला तोच भेटतो. हरलेले गप्प बसतात.

ही चूक टाळायची, तर कुशल कोण हे निकालापूर्वीच लिहून ठेवावे लागते. स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स या अमेरिकन अभ्यासकांनी तसे केले. २०१० सालच्या पोकरच्या जागतिक मालिकेतील ७२० खेळाडू त्यांनी आधीच्या माहितीवरून निष्णात म्हणून वेगळे काढले आणि मग त्या मालिकेतले निकाल पाहिले. निष्णातांना लावलेल्या पैशांवर सरासरीने ३० टक्क्यांहून अधिक नफा झाला; बाकीच्यांना सरासरीने १५ टक्के तोटा. म्हणजे या खेळात कौशल्य आहे, यात शंका नाही. पण खेळात कौशल्य आहे आणि माझ्यात कौशल्य आहे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. सतार वाजवण्यात कौशल्य आहे म्हणून सतार विकत घेणारा प्रत्येक जण वादक होत नाही.

खेळवणाऱ्याचा वाटा

आणखी एक हिशेब राहिला. खेळवणारी कंपनी जमलेल्या पैशांतून आपला वाटा कापून घेते. त्यामुळे सगळ्या खेळाडूंच्या नफ्यातोट्याची बेरीज केली, तर ती नेहमी उणेच येते. यात नशिबाचा काही संबंध नाही. हा साध्या बेरीज-वजाबाकीचा नियम आहे.

समजा, टेबलावर सगळे सारख्याच तोडीचे आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला दर शंभर डावांमागे ५ एकक कपात येते. आता वरचाच तक्ता पुन्हा वाचा, फक्त कौशल्याच्या जागी उणे चिन्ह घाला. दहा हजार डावांनंतर शंभरांपैकी ३१ जण फायद्यात असतील आणि मोठ्या उमेदीने खेळत राहतील. १,६०,००० डावांनंतर फायद्यात उरतील दोघे-तिघे. जो वर्गमुळाचा नियम कुशल खेळाडूला सावकाश वर नेतो, तोच बाकीच्यांना सावकाश खाली नेतो.

आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास त्यात बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. कायद्याने हा भेद बाजूला ठेवला असला, तरी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो समजलाच पाहिजे. कारण थोड्या यशावरून मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह पत्त्यांपुरता नसतो. शेअर बाजारातला सल्लागार, औषधाचा गुण, परीक्षेतले एका पेपरचे गुण, सगळीकडे तो आपली वाट पाहत असतो.

पुन्हा ती वही

हे सारे सांगून झाल्यावर मी त्या मुलाला वहीच्या पहिल्या पन्नास ओळींची आणि नंतरच्या पन्नास ओळींची बेरीज वेगवेगळी करायला सांगितली. त्याने ती माझ्यासमोरच केली. पहिल्या पन्नास ओळींत अधिक १,१५०. नंतरच्या पन्नासांत उणे १५०.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला खेळता येत नाही?"

"तसं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "येतही असेल. पण तुझ्या वहीला ते अजून माहीत नाही."

तिला ते कळायला किती वेळ लागेल, हेही आम्ही मोजले. तो एका वेळी चार टेबलांवर मिळून तासाला सुमारे २८० डाव खेळत असे. आणखी दीड लाख डाव म्हणजे सुमारे ५३५ तास. रोज तीन तास धरले तरी सहा महिने. तेवढ्या काळात प्रतिस्पर्धी बदलणार, आणि उत्तर कळेपर्यंत पणाला लागणार ती फी.

फी त्याने त्याच आठवड्यात भरली. वही मात्र माझ्याकडेच ठेवून गेला. दर वर्षी प्रमाण विचलनाचा धडा शिकवायला घेतला, की मी ती वर्गात नेतो आणि लाल चौकटीचे पान उघडून मुलांना विचारतो, "सांगा पाहू, यावरून काय सिद्ध होतं?"

तुम्हीच सोडवा

१. एका खेळाडूची सरासरी कमाई दर १०० डावांमागे ३ एकक आणि प्रमाण विचलन ९० एकक आहे. किती डावांनंतर कौशल्य आणि नशिबाचा पसारा समान होतील?

२. एका शाळेतील १,०२४ मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले. दहाही वेळा छाप पडलेली किती मुले सरासरीने सापडतील? त्यांतल्या एखाद्याने "छाप पाडण्याची कला" शिकवायचा वर्ग काढला, तर तुम्ही त्याला कोणता प्रयोग करून दाखवायला सांगाल?

(उत्तरे: १. ९०,००० डाव. २. एक. प्रयोग तुम्हाला आता सुचला असेलच.)